ओल्या वाइप्सचं पाकीट: स्टिकर न चिकटणे, वाइप्स सुकणे, एकाऐवजी चार निघणे यावर काय करावं

ओला वाइप लागतो तेव्हा बहुतेक वेळा एक हात अडकलेला असतो. बाळाचे पाय धरलेले असतात, बोटं चिकट झालेली असतात, किंवा टेबलावरून काहीतरी खाली ओघळत असतं. नेमक्या त्या वेळी स्टिकरचं टोक सापडत नाही. सापडलं तर वाइप निघत नाही, आणि निघाला तर मागोमाग आणखी तीन-चार येतात. ते परत आत कोंबून, स्टिकर कसाबसा दाबून आपण पुढच्या कामाला लागतो आणि काही दिवसांनी वरचे वाइप्स कोरडे ठणठणीत झालेले असतात.

यात वाइप्सचा दोष क्वचित असतो. दोष बहुधा पाकिटाच्या तोंडाशी असतो. त्या छोट्याशा तोंडाला तीन कामं एकदम करायची असतात: ओल आत धरून ठेवायची, बाहेरची हवा अडवायची आणि एका वेळी एकच वाइप सोडायचा. तोंड फाटलं, ओलं राहिलं किंवा त्यावर धागे चिकटले की तिन्ही कामं बिघडतात. म्हणून खाली जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं या तोंडाची काळजी घेण्याबद्दल आहे.

घेताना काय बघायचं

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात. मऊ पाकीट आणि त्यावर परत चिकटणारा स्टिकर. तसंच मऊ पाकीट, पण वर प्लास्टिकचं कडक झाकण. गोल डबा, ज्यात वाइप्सची गुंडाळी असते. आणि एकेका वाइपची छोटी पुडी.

रोज, दिवसातून अनेकदा वापर असेल तर कडक झाकणाचं पाकीट घ्या. स्टिकर जितक्या वेळा उघडाल तितका त्याचा चिकटपणा कमी होतो, झाकणाचं तसं होत नाही. वापर आठवड्यातून दोन-चार वेळाच असेल तर स्टिकरचं पाकीट चालेल, पण ते लहान घ्या. माझ्या मते वाइप्स सुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: वापर थोडा आणि पाकीट मोठं. मोठं पाकीट नगामागे स्वस्त पडतं हे खरं, पण शेवटचा तिसरा हिस्सा सुकून फेकावा लागणार असेल तर ती बचत कागदावरच राहते.

पाकीट हातात घेऊन हलकेच दाबा. आत थोडी हवा असेल तर ती दाबल्यावर इकडून तिकडे सरकते, बाहेर जात नाही. हवा सुटल्याचा आवाज आला, दोन्ही टोकांच्या शिवणीपाशी ओलसर लागलं किंवा स्टिकरचा कोपरा आधीच उचललेला दिसला तर दुसरं घ्या. वजनाकडेही लक्ष द्या. तेवढ्याच नगांची दोन पाकिटं असून एक हलकं लागलं, तर त्यातली ओल बहुधा कमी झालेली असते.

पहिल्यांदा उघडण्याआधी

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात आणि पुढचा निम्मा त्रास इथेच सुरू होतो.

कारखान्यातून आल्यापासून पाकीट बरेच दिवस एकाच बाजूवर पडून असतं. वाइपचं कापड द्रव धरून ठेवतं, पण सगळा नाही. थोडा द्रव हळूहळू खाली उतरतो, म्हणून तळाचे वाइप्स निथळणारे आणि वरचे नुसते ओलसर निघतात. उपाय सोपा आहे. न उघडलेलं पाकीट रात्रभर उलटं, म्हणजे स्टिकर किंवा झाकण खाली करून, ठेवा आणि सकाळी सुलटं करून उघडा.

दुसरी गोष्ट. नव्या पाकिटात वाइप्स घट्ट दाबून बसवलेले असतात आणि वरचं प्लास्टिक ताणलेलं असतं. त्यामुळे पहिला वाइप चिमटीत येतच नाही आणि आपण नखाने ओरबाडायला लागतो. उघडण्याआधी पाकीट दोन्ही हातांनी धरून मधोमध थोडं वर, थोडं खाली वाकवा. मग दोन तळव्यांमध्ये धरून हलकेच चोळा. थर एकमेकांपासून सुटतात आणि पहिला वाइप सहज निघतो.

तिसरी गोष्ट, पाकिटावर मार्करने उघडल्याची तारीख लिहा. उघड्या डबीचं चित्र आणि त्यावर ‘१२एम’सारखी खूण दिसली, तर उघडल्यापासून तितके महिने वापरावं असा तिचा अर्थ. काही पाकिटांवर ही खूण नसते, पण उघडल्यावर किती दिवसांत संपवावं हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तारीख लिहिलेली नसेल तर ती सूचना असून नसल्यासारखीच.

स्टिकरचं पाकीट

हात कोरडे करून घ्या. स्टिकरचं टोक पकडून सरळ वर ओढू नका. पाकिटाला जवळजवळ समांतर ठेवून, हळूहळू मागे न्या. काटकोनात खसकन ओढला की स्टिकरला कायमचा बाक येतो आणि मग तो कितीही दाबला तरी कोपऱ्यातून उचलतो. स्टिकर पूर्ण काढायचाही नसतो. त्याची एक बाजू पाकिटाला चिकटलेलीच राहायला हवी. ती सुटली की दर वेळी स्टिकर जागेवर नीट बसवणं अवघड होतं.

पहिल्यांदा उघडल्यावर काय दिसतं ते बघा. काही पाकिटांत तोंडाच्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा स्टिकरच्या खालच्या बाजूला चिकटूनच वर येतो. तो अनेकजण कचरा समजून सोलून काढतात. काढू नका. तो तुकडा तोंडावर झडपेसारखा परत बसतो, आणि स्टिकरच्या मधल्या भागाचा गोंद वाइप्सना लागण्यापासून वाचवतो. काढून टाकला तर दर वेळी वाइपचे तंतू गोंदाला चिकटतात आणि थोड्याच दिवसांत स्टिकर निकामी होतो. दुसऱ्या प्रकारात स्टिकरखाली बारीक छिद्रांची रेघ असलेलं प्लास्टिक वेगळं असतं. ते मात्र रेघेवरूनच, सावकाश फाडून काढायचं. बोट खुपसून भोक पाडलं तर चीर रेघेबाहेर जाते, तोंड मोठं होतं आणि मग स्टिकर त्याला पुरत नाही.

बंद करतानाची सवय सगळ्यात महत्त्वाची. स्टिकरचा गोंद दाबाने चिकटतो आणि त्याला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. वाइप बाहेर काढताना तोंडाच्या कडेला ओल लागतेच. त्या ओल्या कडेवर स्टिकर दाबला तर तो चिकटल्यासारखा वाटतो, पण थोड्या वेळाने सुटतो. म्हणून बंद करण्याआधी कडेवरून कोरडं बोट किंवा कापड फिरवा. मग जोडलेल्या बाजूकडून टोकाकडे बोट दाबत न्या आणि शेवटी दोन्ही लांब कडा एकदा दाबा. काही सेकंदांचं काम आहे. पाकीट महिनाभर टिकणार की आठवड्यात सुकणार, हे बहुतेक वेळा त्या काही सेकंदांवर ठरतं.

स्टिकरचा चिकटपणा कमी झालाच, तर आधी रुंद पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या गोंदाच्या बाजूवर हलकेच टेकवून उचला. अडकलेले तंतू आणि धूळ निघून येते आणि स्टिकर काही दिवस पुन्हा चालतो. तेही जमलं नाही तर त्या स्टिकरवरच रुंद चिकटपट्टी लावा आणि तिचं एक टोक दुमडून धरायला जागा ठेवा. याहून पक्का उपाय म्हणजे अख्खं पाकीट झिप असलेल्या पिशवीत ठेवणं.

स्टिकरचं टोकच सापडत नाही ही तक्रार खूप जणांची आहे, आणि ती रास्त आहे. टोक पारदर्शक असतं, लहान असतं, आणि ओल्या हाताला, सांधे दुखणाऱ्या बोटांना किंवा अधू नजरेला ते अजिबात साथ देत नाही. नवं पाकीट उघडलं की लगेच त्या टोकावर रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा दुमडून लावा, बोटभर बाहेर येईल असा. घरात वयस्कर माणूस असेल तर हे जरूर करा. त्यांना दर वेळी कुणाला हाक मारावी लागत नाही.

कडक झाकणाचं पाकीट

इथे दोन गोष्टी बिघडतात. झाकण घट्ट ‘टक्’ आवाज करून बसत नाही, किंवा अख्खी चौकटच पाकिटावरून सुटते.

झाकण बसत नसेल तर खाचेत बघा. बहुतेक वेळा तिथे वाइपचा धागा किंवा वाळलेल्या द्रवाचा थर असतो. कोरड्या कापडाने किंवा कानकाडीने तो काढा. वाइपचं टोक झाकणाखाली चिमटलं जाऊ देऊ नका. बाहेर राहिलेलं टोक दिव्याच्या वातीसारखं काम करतं: आतली ओल शोषून बाहेर आणतं आणि ती हवेत उडत राहते. एका टोकामुळे वरचे कित्येक वाइप्स सुकतात.

चौकट सुटली तर सुपरग्लू वापरू नका. झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि पाकिटाचा थर पॉलिथिलीनसारख्या प्लास्टिकचा. या दोन्हींवर असे गोंद नीट धरत नाहीत, शिवाय त्वचेला लावायच्या वाइप्सजवळ तो नकोच. दोन्ही पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडे करा आणि चौकटीच्या चारही बाजूंना, कुठेही फट न ठेवता, दुहेरी चिकटपट्टी लावून घट्ट दाबा. अशीच युक्ती उलट्या दिशेनेही चालते. संपलेल्या पाकिटाचं चांगलं झाकण चौकटीसकट सोडवून, धुऊन, वाळवून ठेवा आणि नुसत्या स्टिकरच्या पाकिटावर बसवा. फक्त हे काम नवं पाकीट उघडण्याआधी, प्लास्टिक कोरडं असताना करा, आणि चौकट स्टिकरपेक्षा मोठी आहे ना हे आधी ताडून बघा.

कडक डब्यात भरायची साधी पाकिटं मिळतात. त्यातले वाइप्स हाताने काढून डब्यात रचू नका. हाताचे जंतू जातात आणि घड्याही विस्कटतात. पाकीटच्या पाकीट डब्यात ठेवा आणि तिथेच त्याचं तोंड उघडा. डबा त्याआधी साबणाने धुऊन पूर्ण वाळलेला असावा.

गोल डबा

पृष्ठभाग पुसायचे, जंतुनाशक वाइप्स बहुधा अशा डब्यात येतात. गोंधळ बहुतेक पहिल्या वाइपलाच होतो, म्हणून हा क्रम पाळा:

१. छोटी टोपी नाही, वरचं अख्खं झाकण फिरवून किंवा उचकटून काढा.
२. खाली फॉइलचं सील असेल तर ते पूर्ण सोलून काढा. मधे भोक पाडून भागवलं तर त्याच्या कडांत वाइप अडकून फाटतो.
३. गुंडाळीच्या मधोमध असलेलं टोक शोधा. वाइप आतून उलगडतो. बाहेरच्या फेऱ्याचं टोक ओढलं तर गुंडाळी फिरत राहते आणि अडकते.
४. मधल्या वाइपचा कोपरा पिळून टोकदार करा.
५. झाकणाच्या खालच्या बाजूने ते टोक भोकातून वर ढकला आणि दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढा.
६. झाकण घट्ट बसवा. आता वाइप सरळ वर न ओढता तिरका ओढा आणि शेवटी छोटा झटका द्या. छिद्रांच्या रेघेवर तो तुटतो आणि पुढच्याचं टोक भोकात राहतं.

भोकाच्या पाकळ्यांमध्ये बोट घालू नका आणि मुलांनाही घालू देऊ नका. पाकळ्या आतल्या बाजूला वळतात, त्यामुळे बोट आत जातं पण बाहेर येताना अडकतं आणि कापू शकतं. टोक आत पडलंच तर झाकण काढूनच पुन्हा ओवा. टोक वारंवार आत पडत असेल तर दोन शक्यता तपासा: तुम्ही सरळ वर ओढताय, किंवा वाइप्स सुकलेत. ओला वाइप भोकात घट्ट बसतो, सुकलेला निसटतो.

डबा उभाच असतो, म्हणून द्रव तळाशी साठतो. अधूनमधून बाहेरचं टोक आत ढकलून, झाकण काढून, डब्याच्या तोंडावर स्वयंपाकघरातलं पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा, वर झाकण फिरवून बसवा आणि डबा सिंकमध्ये थोडा वेळ उलटा ठेवा. प्लास्टिक नसेल तर गळतो, कारण ती छोटी टोपी द्रव अडवण्यासाठी केलेली नसते. नंतर प्लास्टिक काढून टोक पुन्हा ओवा.

एकामागून एक वाइप्स निघतात तेव्हा

बऱ्याच पाकिटांत वाइप्सच्या घड्या एकमेकांत गुंतवलेल्या असतात, म्हणजे पहिला ओढला की दुसऱ्याचं टोक वर येतं. दुसरा तिथेच थांबतो तो तोंडाच्या कडेला होणाऱ्या घर्षणामुळे. म्हणून तोंड मोठं झालं की साखळीच बाहेर येते. वाइप अर्धा बाहेर येईपर्यंत सावकाश ओढा, मग पाकिटाच्या लांबीच्या दिशेने तिरका झटका द्या. दुसरा हात मोकळा असेल तर अंगठ्याने तोंडाची कड दाबून धरा. तोंड आधीच फाटलं असेल तर एका बाजूला चिकटपट्टी लावून ते अरुंद करा.

जास्तीचे वाइप्स बाहेर आलेच आणि कशालाही लागले नसतील, तर स्वच्छ हाताने आत ढकला. जमिनीला, अंगाला किंवा अस्वच्छ हाताला लागलेला वाइप मात्र परत आत जाऊ नये. पाकिटात ओल असते आणि एक मळका वाइप बाकीच्यांना खराब करू शकतो.

पाकीट संपत आलं की उलटा त्रास सुरू होतो. थोडे उरलेले वाइप्स आत सरकतात, आणि ओढायला जावं तर हलकं पाकीटच वाइपबरोबर उचललं जातं. रिकामी टोकं खाली दुमडून रबरबँड लावा म्हणजे गठ्ठा तोंडाखाली राहतो. एका हातानेच काम करायचं असेल तर पाकिटाखाली घसरू न देणारी रबरी चटई ठेवा, किंवा पाकीट जरा जड डब्यात घट्ट बसवा.

छोट्या पुड्या

ओल्या पुसण्यांची ही जुनी तऱ्हा. आर्थर ज्युलियस या अमेरिकी गृहस्थांनी १९५८ मध्ये ‘वेट-नॅप’ हे नाव नोंदवलं ते अशाच बंद पुडीतल्या ओल्या कागदासाठी. पुडीत धातूचा पातळ थर असला तर ओल चांगली टिकते, पण पर्समध्ये घडी पडून त्या थराला बारीक चीर गेली की सगळं संपतं. म्हणून त्या कडक डबीत ठेवा. उघडताना कडेवरची खाच शोधा आणि तिथूनच फाडा. दाताने फाडू नका, द्रव तोंडात जातो. हात मळणार आहेत हे माहीत असेल तर आधीच किंचित फाडून ठेवणं सगळ्यात सोयीचं, पण मग ती पुडी लगेच वापरायची.

सुकलेल्या वाइप्सचं काय करायचं

जंतुनाशक वाइप सुकला असेल तर त्यात पाणी घालून तो पुन्हा जंतुनाशक होत नाही. अशा वाइप्सच्या पाकिटावर पृष्ठभाग किती वेळ ओला राहायला हवा हे लिहिलेलं असतं, कधी काही सेकंद, कधी काही मिनिटं. सुकलेल्या वाइपने तेवढा वेळ ओल टिकत नाही आणि पाणी घातलं तर औषध पातळ होतं. दिसायला पुसलं जातं, जंतू मात्र राहतात. हा धोका पत्करू नका.

त्वचेसाठीच्या वाइप्समध्येही नळाचं पाणी ओतू नका. त्यातल्या द्रवाचा मोठा भाग पाणीच असतं, पण बुरशी येऊ नये म्हणून त्यात ठरावीक प्रमाणात संरक्षक घटक असतात. वरून पाणी ओतलं की ते प्रमाण बिघडतं आणि नवे जंतूही आत जातात. सुकलेले वाइप्स फर्निचर, बूट, खिडकीच्या कडा पुसायला काढा. हवा तेवढा एकच वाइप बाहेर घेऊन भिजवायचा, पाकीट भिजवायचं नाही. काळे, हिरवे किंवा गुलाबी ठिपके दिसले किंवा वास बदलला तर पूर्ण पाकीट टाकून द्या.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. बाळासाठीचे वाइप्स आणि पृष्ठभागाचे जंतुनाशक वाइप्स दिसायला सारखे असतात, कधी झाकणंही एकसारखी असतात. ते एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवू नका आणि एकाच्या डब्यात दुसरे कधीही भरू नका. घाईत हात चुकीच्या पाकिटाकडे जातो आणि त्वचेवर पुरळ किंवा जळजळ होते. जंतुनाशक वाइप्स उंचावर, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. अल्कोहोलचे असतील तर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका. ते लवकर उडतं आणि पेटही घेतं.

पाकीट संपल्यावर, आणि खराब निघाल्यावर

वापरलेले वाइप्स कचऱ्यातच टाका, शौचालयात नाही. बहुतेक वाइप्सच्या कापडात पॉलिस्टरसारखे प्लास्टिकचे धागे असतात. ते टॉयलेट पेपरसारखे पाण्यात विरघळत नाहीत आणि नळ्या तुंबवतात. युरोपीय संघात प्लास्टिक असलेल्या वाइप्सच्या पाकिटांवर जुलै २०२१ पासून तशी खूण छापणं बंधनकारक आहे. कडक झाकण आणि मऊ पाकीट वेगळं करा. झाकणावर त्रिकोणात ५ हा आकडा दिसला तर ते पॉलिप्रॉपिलीन, आणि जिथे ते घेतलं जातं तिथे पुनर्वापराला देता येतं. मऊ पाकीट वेगवेगळ्या प्लास्टिकच्या चिकटवलेल्या थरांचं असेल, तर त्याचा पुनर्वापर अवघड असतो.

नवं पाकीट सुकलेलं निघालं, शिवण सुटलेली असली किंवा झाकण पहिल्याच दिवशी उखडलं, तर तक्रार जरूर करा. पाकीट फेकण्याआधी शिवणीजवळ छापलेला बॅच क्रमांक आणि मुदत यांचा फोटो घ्या. दुसरा फोटो नेमक्या बिघडलेल्या जागेचा. ‘खराब निघालं’ एवढंच लिहिण्यापेक्षा कुठे बिघडलं ते लिहा: डावीकडची शिवण दोन सेंटिमीटर सुटली होती, स्टिकरखालचं प्लास्टिक रेघेबाहेर फाटलं, पहिले दहा वाइप्स कोरडे होते. बॅच क्रमांकावरून ते पाकीट कधी आणि कुठल्या यंत्रावर भरलं याचा माग कंपनीला काढता येतो. स्टिकरचं टोक फार लहान असल्यामुळे घरातल्या वयस्कर माणसाला पाकीट उघडता येत नसेल, तर तेही त्याच पत्रात लिहा.